दोघांनी धरायचा दोरा

मोगऱ्याच्या इवल्याशा मळ्याकाठी, पत्र्याच्या खोपटात शेवंती राहायची. आई गजरे बांधायची, बाबा ते देवळापाशी विकायचे, तेव्हा कुठे चूल पेटायची. अशात आईच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टरबाईंनी सुईनं नमुना काढला नि म्हणाल्या, "कर्करोग आहे का, ते शुक्रवारी कळेल."

तेव्हापासून बाबा आईला काडीही उचलू देईनात. "तू बस गं, मी करतो," म्हणत दोरासुद्धा ओढून घ्यायचे. पण त्यांचे गजरे सुटायचे, कळ्या रस्ताभर!

"यशवंता, गजरे विकतोस की पेरतोस?" शेजारची भामाआत्या चिडवायची. बाबा हसायचे नाहीत. आई कोपऱ्यात रिकामे हात मांडीवर ठेवून बसायची.

गुरुवारी शेवंती कळ्या खुडत होती, तोच कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी झगमगलं! बोटाएवढी परी! मोरपिशी पंख, केशरी झगा! शेवंतीनं फुंकर घालत हळूहळू एकेक धागा सोडवला.

"किती हलक्या हाताची गं तू!" परी खुदकन हसली. "माग एक इच्छा. पण ती मुठीत मावायला हवी, अन् उद्याला हात लावायचा नाही."

"म्हणजे आईचा रिपोर्ट...?"

"तो उद्याचा, चिमणे. आजचं माग."

शेवंतीला आईचे रिकामे हात आठवले. "मग असा दोरा दे, जो एकट्यानं बांधताच येणार नाही!"

टिचकी वाजली. मुठीत चंदेरी दोऱ्याची गुंडाळी लुकलुकली!

घरी बाबांनी त्या दोऱ्यानं कळ्या बांधल्या, सुटल्या. पुन्हा बांधल्या, पुन्हा सुटल्या. "अगं, टोक धर बघू जरा!" ते वैतागून आईला म्हणाले. आईनं धरलं आणि काय, कळ्या घट्ट बसल्या! गुडघ्याला गुडघा लावून दोघं बांधत राहिली.

"मला फार भीती वाटते गं," बाबा पुटपुटले.

"मलाही. पण तुम्ही दोरा काढून घेतलात ना, तेव्हा जास्त वाटली. जणू मी आत्ताच घरात नाही."

बाबांचे डोळे भरले. मग बोलणं सुरू झालं, मग हसणंही! शेवंती तर उड्याच मारायला लागली.

शुक्रवारी दवाखान्याच्या बाकावर दोघं हात धरून बसली, शेवंती शेजारी. दार उघडलं.

"कर्करोग नाही! साधी गाठ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाबा सगळ्यांदेखत हुंदके द्यायला लागले.

"अहो, आता तर हसा!" आई म्हणाली, आणि स्वतःच रडू लागली.

खिडकीत परी गिरक्या घेत होती. शेवंतीनं हात हलवला. परी सोनेरी झाली, मग नुसता उजेडच झाली, आणि तो उजेड आईच्या ओल्या गालांवर सांडला.