गव्याच्या दारात ठेवलेले पान

त्या खोऱ्यात मेंढ्यांचे पाच कळप राहत होते आणि पाचही कळप स्वतःला अजिंक्य समजत होते. तसा पुरावाही होता. प्रत्येकाची शिंगे फुलांच्या माळांनी झाकलेली होती.

रीत अशी. पावसाळा सरला की एक मोकळा महिना यायचा. त्या महिन्यात प्रत्येक कळपाने आपले पाच मेंढे निवडायचे आणि वाटेल त्याला टकरीला बोलवायचे. ज्याला बोलवायचे त्याच्या दारात वडाचे पान ठेवायचे. त्याने पान खाल्ले की टक्कर ठरली. जिंकलेल्या टकरीची एक माळ शिंगांवर चढे आणि ती खिंडीतली टक्कर होईपर्यंत उतरवायची नाही. महिना संपला की कळप आपापसात भिडत. त्यांत जो वरचढ ठरे तो खिंडीत जाऊन पलीकडच्या मेंढ्यांशी टक्कर घेई.

पाने दरसाल सशांच्याच दारात पडत. पाच ससे रांगेत उभे राहत, मेंढा जवळ येण्याआधीच कोलमडत आणि जाताना गवताची एकेक पेंढी घेऊन जात. माळा वाढत. खिंडीतून मात्र आजवर कोणी जिंकून आले नव्हते.

गेल्या साली ठोसर नावाच्या तरण्या मेंढ्याचा कळप खिंडीत गेला होता. सर्वांत पुढे त्याचा थोरला भाऊ भारम. शिंगांवर अकरा माळा. धावता धावता त्या घसरून त्याच्या डोळ्यांवर आल्या. समोरचा मेंढा त्याला दिसलाच नाही. पलीकडच्यांनी त्याचे तुटलेले शिंग खिंडीतल्या खैराला टांगले. जिंकेल त्याने ते न्यावे, असा त्यांचा नियम. भारम परत आला नाही.

वर्षभर ठोसरने भावाच्या जागेवर कोणाला बसू दिले नाही. एक कोकरू चुकून बसले तर त्याला ढुशी मारून उठवले, आणि मग स्वतःच तोंड फिरवून उभा राहिला. ते शिंग तिकडे वाऱ्यावर हलत असेल, एवढेच त्याला दिसे.

मोकळा महिना आला. कळपाचे म्हातारे म्हालूतात्या म्हणाले, "ठोसर, सशांकडे पान ठेवून ये."

ठोसर पान तोंडात धरून निघाला. बिळांच्या वळणावर आला आणि पुढे काय झाले ते त्याचे त्यालाच कळले नाही. पाय उलट्या वाटेने चालू लागले. गव्याच्या जाळीसमोर त्याने पान टाकले.

गव्याने खाली पाहिले. "चुकून पडलं का रे?"

"नाही."

"घरी सांगून आलास?"

"नाही."

"मग पहिली टक्कर तुझी घरीच होणार," गवा म्हणाला आणि त्याने पान खाल्ले.

झालेही तसेच. "गाढवा, गव्याला पान दिलंस?" तात्या ओरडले. "त्याच्या शेपटीच्या वाऱ्यानं उडू आपण!"

"उडू. दादा पहिल्याच धक्क्याला गेला, तात्या. त्याला धक्का कसा लागतो ते तरी ठाऊक होतं का?"

तात्यांनी मान खाली घातली.

पहिल्या दिवशी गव्याने उडवलेले पाचही जण करवंदीच्या जाळीत सापडले. दुसऱ्या दिवशी ठोसरने रानडुकराच्या दारात पान ठेवले, तिसऱ्या दिवशी पुन्हा गव्याच्या. पाण्यावर इतर कळप भेटले की हसत. "काय रे बोडक्यांनो, सणाला निघालात का तेराव्याला?" ठोसर तसाच पाणी प्यायचा आणि पानाच्या शोधात निघायचा.

सातव्या पडझडीनंतर गवा वैतागला. "एकेकटे येता, म्हणून एकेकटे पडता. खांद्याला खांदा लावा की! अन् डोळे उघडे ठेवा."

नवव्या खेपेला पाचही जण एक होऊन धडकले. तरीही हरले. पण गव्याचा मागचा खूर वीतभर सरकला होता. चिखलात उमटलेली ती रेघ पाहायला ते तिघे-तिघे, दोघे-दोघे पुन्हा पुन्हा गेले. तात्यासुद्धा एकदा कोणाला न सांगता जाऊन आले.

महिना संपला तेव्हा त्यांच्याकडे एकही माळ नव्हती. आपापसातल्या टकरी सुरू झाल्या. चौदा माळांचा कळप धावून आला, धक्का बसला, आणि ठोसर उरलेल्या धक्क्याची वाट पाहत उभा राहिला.

"एवढंच?" त्याने खरोखर विचारले.

चारही कळप पडले. तात्या हौसेने माळ घेऊन आले. ठोसरने मान मागे घेतली. "नको तात्या. डोळ्यांवर येते."

खिंडीतले मेंढे दगडांसारखे होते. पहिल्या धडकेला ठोसरचे गुडघे वाकले, कानांत वारे भरले. पण ही कळ त्याच्या ओळखीची होती. डाव्या खांद्याला सोबत्याचा खांदा होता, उजव्याही. पलीकडच्यांचा मागचा खूर वीतभर सरकला. मग हातभर. मग ते पाठीने थेट खैरावर आदळले आणि टांगलेले शिंग आपोआप खाली पडले.

"गेल्या साली तुम्ही कुठं होतात?" त्यांचा म्होरक्या धापा टाकत म्हणाला.

"सशांबरोबर," ठोसर म्हणाला आणि शिंग तोंडात उचलले.

खोरे वाटेवर लोटले होते. टेकड्या दुमदुमत होत्या, हसणारे कळप आता गळा फाटेस्तोवर ओरडत होते. ठोसर सगळ्यांमधून चालत गेला आणि त्याने ते शिंग भावाच्या जागेवर ठेवले. मग तो त्याच्या शेजारी बसला आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने रडला.

पुढच्या मोकळ्या महिन्यात गव्याच्या जाळीसमोर पानांचा ढीग पडला. "रांगेनं या रे, पोट फुटेल माझं," तो कुरकुरत होता. सशांच्या बिळांपाशी एकही पान नव्हते.

सकाळी ठोसर बाहेर आला तर त्याच्या दारात एक पान होते. ओढत आणल्याने कडा फाटलेल्या, त्यांवर बारीक दातांचे ठसे. समोर पाच ससे उभे होते. कान भीतीने मागे गेलेले, पण पंजे मातीत रोवलेले. त्यांनी पेंढी मागितली नाही.

ठोसरने पान खाल्ले. तशी पहिल्या सशाने आपला खांदा दुसऱ्याच्या खांद्याला लावला.