नंदीच्या पाठीवरचा आकडा

“...आणि आता तो कंपायलर एकदाही कुरकुरत नाही?” गुंडाबुवांनी विचारलं.

“एकदाही नाही,” शर्वाणी म्हणाली. लॅपटॉप तिनं पहिल्या नंबराच्या प्रगतिपुस्तकासारखा पुढे धरला होता.

बुवा नदीकाठच्या मठातले. शर्वाणी पाढे शिकली ती त्यांच्याचकडे. आता ती पुराचा भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम लिहीत होती. सोमवारी भोंगा घाटावर बसायचा होता आणि खालच्या आळीतली साठ घरं त्याच्या भरवशावर झोपणार होती.

पाण्याच्या खुणांना तिनं गावाचीच नावं दिली होती. सगळ्यांत खाली घाटावरचा दगडी नंदी, मग दीपमाळ, सगळ्यांत वर मठाचा उंबरा. गावात पूर असाच मोजतात. पण प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर हटून बसला. नंदी, नाव नियमात बसत नाही. उंबरा, नाव नियमात बसत नाही. पाण्याबद्दल चकार शब्द नाही, नुसती नावांवर खुसपटं! महिनाभर ती त्याच्याशी भांडली. शेवटी ऑफिसातल्या साहेबांनी बजावलं, कंपायलरचा एकही इशारा उरला तर भोंगा बसणार नाही. तिनं दातओठ खात नावं बदलली. पातळी एक, पातळी दोन, पातळी तीन. यंत्र खूश झालं.

बुवांनी कोनाड्यातला खडू तिच्या हातात दिला.

“नंदीच्या पाठीवर त्याचं नवं नाव लिही.”

पोरखेळच हा. तरी ती लॅपटॉप बगलेत मारून बुवांच्या मागोमाग घाटाच्या पायऱ्या उतरली आणि तिनं लिहिलं, एक.

मग थबकली. एक पुसून तीन लिहिलं.

...

घाटाच्या पायऱ्या सगळा गाव वरून मोजतो, नदीवर उतरताना. प्रोग्रॅममध्ये खुणांना आकडे देताना तिचाही हात तसाच चालला होता, उंबरा एक, नंदी तीन. भोंगा कधी वाजवायचा ते पान मात्र तिनं ऑफिसात बसून लिहिलं होतं, खालून मोजत. पातळी एकला पाणी लागलं की भोंगा.

म्हणजे उंबऱ्याला. तोवर आळी बुडालेली.

तिनं लॅपटॉप उघडून पाहिलं. तसंच होतं.

“आणि हा मेला कंपायलर गप्प होता, बुवा.”



ती तिथंच पायरीवर बसली आणि तिनं एकेक जुनं नाव परत घातलं. बावन्न इशारे परत आले. तिनं एकालाही हात लावला नाही.

“नोकरी गेली तरी ही नावं आता बदलणार नाही,” ती म्हणाली. “पण भोंगा तर बसायलाच हवा. साहेबांना काय सांगू?”

बुवांनी पंच्यानं नंदीची पाठ स्वच्छ पुसली.

“काही सांगू नकोस. त्यांना इथं घेऊन ये, आणि खडू त्यांच्या हातात दे.”