हाळी कुणी द्यायची?

बाळांनो, ऐका. आणि थोरांनो, तुम्ही तर नीट कान देऊन ऐका, कारण ही गोष्ट खरं म्हणजे तुमच्यासाठीच आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, एका रुंद खाडीच्या काठी मीठ पिकवणारा एक माणूस राहत होता. त्याचं आणि बायकोचं पटेना. भांडून भांडून दोघं थकली आणि वेगळी झाली. बायको लेकीला घेऊन पलीकडच्या काठावर, आपल्या माहेरी गेली. पंचांनी ठरवून दिलं, की लेक आईजवळ राहील आणि दर पुनवेला बापाकडे येईल.

सगळं ठरलं, एवढं एक राहून गेलं, की होडीचं भाडं कुणी द्यायचं.

त्या खाडीची रीत अशी, की नावाडी मधोमध होडी नांगरून बसायचा. ज्या काठावरून हाळी येईल तिकडे जायचा, आणि ज्यानं हाळी दिली त्याच्याकडून जाण्यायेण्याचं भाडं घ्यायचा. भाडं ते काय, टोपलीभर मीठ, नाहीतर पायलीभर भात!

पुनवेच्या दिवशी बाप सकाळीच काठावर येऊन उभा राहिला. पलीकडे लेक गाठोडं घेऊन उभी, शेजारी तिची आई. पोरीला बघून त्याचा जीव तुटला. पण मन म्हणालं, 'घर सोडून ती गेली, मी नाही. हाळी तिनंच द्यावी.' तिकडे बायकोही तोंड मिटून उभी. अहो, दोघंही हट्टाला पेटलेली! ऊन चढलं, कलायला लागलं, तरी कुणी ओठ हलवेना. शेवटी पोरीनंच तोंडाशी हात धरून हाळी दिली, "ओ नाववाले मामा!"

ती या काठाला उतरली तेव्हा तिच्या पायांत चांदीचे वाळे नव्हते. नावाडी नको नको म्हणत असताना तिनंच ते भाड्यापोटी होडीत काढून ठेवले होते. हाळी तिची होती ना!

पोरीला पोटाशी धरायचं, की नाही? पण बाप कडाडला, "तुझ्या आईला पायलीभर भात जड झाला का गं?"

पोर खाली बघत म्हणाली, "आईपण असंच म्हणाली, बाबा. तुझ्या बापाला टोपलीभर मीठ जड झालं का, म्हणून."

पुढच्या पुनवेला पुन्हा तोच प्रकार. या खेपेला पोरीकडे द्यायला काहीच नव्हतं. बराच वेळ तिनं वाट पाहिली. मग गाठोडं उचललं आणि ती घराकडे वळली. बापाला तिची पाठ दिसली. हाळी अगदी गळ्याशी आली होती, पण मेल्या अभिमानानं ती गिळायला लावली. 'बघू पुढच्या पुनवेला,' असं म्हणून तो घरी गेला.

पुढच्या पुनवेला पलीकडे कुणीच नव्हतं. तेव्हा मात्र घसा फुटेस्तोवर त्यानं हाळी दिली. घरातलं होतं नव्हतं ते मीठ होडीत ओतलं. "सगळं घे रे बाबा, पण माझी पोर आण!"

होडी परत आली. मीठ तसंच होतं आणि पोर नव्हती.

नावाडी त्याच्याकडे न बघता म्हणाला, "तिची आई रडत होती हो, हाताला धरून होडीत बसवत होती. पण पोर बसेना. म्हणाली, मी गेलेच नाही तर भाडं कुणालाच पडणार नाही, आणि भांडणही होणार नाही."

 त्यानंतर मरेपर्यंत बापानं दर पुनवेला हाळी दिली, आणि दर खेपेला होडी रिकामीच परतली.

तात्पर्य : लेकराच्या वाटखर्चासाठी आईबाप अडून बसले, की लेकरू स्वतःलाच ओझं समजू लागतं.