ओ देणारा कडा

हा कडा नीट बघून घ्या. समोरची आडवी वाट एका माणसापुरती, डाव्या हाताला दरी. या वाटेवर कोणी मुकाट चालत नाही. पुढच्याने मागच्याला नावाने हाक मारायची, त्याची ‘ओ’ आली की मगच पाऊल टाकायचं.

ही रीत ठकूबाईची. वर पठारावर धनगरवाडा होता, तिथली ती कारभारीण. तिने म्हणे एका उन्हाळ्यात दर सोमवारी सगळ्या वाड्याला डोळ्यांवर पटके बांधून या वाटेवरून चालवलं. पहिल्या सोमवारी बाया रडल्या. पाचव्या सोमवारी हाकांमध्ये थट्टा सुरू झाली. एकटा कोंडू झोरे तेवढा कुरकुरत राहिला.

“ठकूबाय, देवानं डोळं दिलं ते बांधाया व्हय?”

“देवानं दिलं, ढग नेईल. मग काय करशील, कोंड्या?”

श्रावणात भर दुपारी वाड्यामागचा डोंगर सरकू लागला. ढग इतका उतरला होता की कोंडूला स्वतःचा हात दिसेना. तेवीस माणसं वाटेला लागली. ठकूबाई सगळ्यांत शेवटी, तिच्यापुढे कोंडू.

“मीच का?”

“तुझा माझ्यावर इस्वास न्हाई. तू हाक चुकवायचा न्हाईस.”

पहिलं वळण ओलांडलं आणि मागे काहीतरी प्रचंड कोसळलं. कोंडूने हाक मारली, “ठकूबाय!” उत्तर नाही. पुढून त्याच्या नावाच्या हाका येत होत्या. त्याने ओ दिली नाही तर रांग जिथल्या तिथे थांबणार, आणि वरून दगड तर सुटलेले. तो पुन्हा ओरडला, “ठकूबाय!”

“ओ. चल, कोंड्या.”

अगदी मानेजवळून. पण मानेला श्वास लागला नाही.

मग प्रत्येक हाकेला ओ येत गेली. खालच्या माळावर पाय टेकल्यावर त्याने वळून पाहिलं. मागे नुसता ढग.

तीन दिवसांनी ढग उठला. ठकूबाई पहिल्याच वळणावर दरडीखाली सापडली. तिथून पुढे तिचं एकही पाऊल पडलं नव्हतं. कोंडू त्यानंतर चाळीस वर्षं जगला आणि या वाटेवर कायम शेवटी चालला, असं सांगतात.

आजही शेवटचा माणूस ठकूबाईला हाक मारतो आणि ओ आल्यावरच पाय उचलतो. मागे एका साहेबांनी हसून हाक मारायचं टाळलं. तर मागूनच त्यांना हाक आली म्हणे, घरच्या लाडक्या नावाने. आमच्यापैकी कोणालाही ते नाव ठाऊक नव्हतं.

चला, ढग उतरतोय. शेवटी कोण चालणार? तुम्ही, चष्मेवाल्या ताई? भिऊ नका. या वाटेवर शेवटचं असं कोणी नसतंच.