शमिकेचा बेल

पूर्वी कृतयुगात, पयोष्णीच्या तीरी, होमधूमाने जिथली पालवीसुद्धा सावळी दिसे अशा तपोवनात दीर्घव्रत नावाचा महाक्रोधी मुनी राहत असे. पूजेच्या वेळी हसली, एवढ्याच अपराधासाठी त्याने आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, मेघलेला, 'कीटकयोनीत जा' असा शाप दिला. तप डोंगराएवढे, पण पोटच्या पोरीपुढे जीभ आवरली नाही. पत्नी शमिका पायांवर कोसळली तेव्हा कुठे उःशाप मिळाला: "बारा वर्षांनी सोनेरी पट्ट्याचे फुलपाखरू येथे येईल. त्याच्या पोटी मेघला जन्मेल आणि पंख फुटताच मनुष्यरूप पावेल."

त्या दिवसापासून शमिकेने बाग धरली. मधासाठी जाई, निर्गुडी. अंड्यांसाठी रुई, कढीलिंब, बेल. पानांची चाळण झाली तरी तिने एक अळी उचलून टाकली नाही. शिष्य हसत, "गुरुमाते, ही बाग की किड्यांचे अन्नछत्र?"

"जेवू घातल्यावाचून पंख फुटतात का रे कुणाला?"

तेराव्या वर्षी, वैशाखातल्या एका सकाळी ते आले. मेघासारखे काळे, पंखांवर सोन्याची रेघ. असले पाखरू त्या वनात कुणीच पाहिले नव्हते. बेलाच्या कोवळ्या पानाखाली मोत्यासारखे एकच अंडे ठेवून ते निघून गेले. शमिकेने मुनीला हाताला धरून आणले, अंडे दाखवले, बजावले, "या झाडाला हात लावायचा नाही."

"मी काय तिचा वैरी आहे?" मुनी म्हणाला.

अळी निघाली, आधी पक्ष्याच्या शिटेसारखी, मग हिरवीगार. एके दिवशी शमिका पाण्याला गेली. मुनीचा शंकराला एक लक्ष बिल्वपत्रे वाहण्याचा संकल्प शेवटच्या एका पानासाठी अडला होता. त्याने फांदी वाकवली.

शमिका परतली तो दगडावर चिरडल्याचा हिरवा डाग.

"कीड होती! अंडे तर कुठेच नव्हते," मुनी गरजला. "छिद्र पडलेले पान शंकराला चालत नाही."

"शंकराला विचारलंत?" तिने घागर तिथेच उपडी केली. "बारा वर्षं पाखराची वाट पाहिलीत, पण ते कशातून येतं हे एकदा वाकून पाहिलं नाहीत! ऐका, तपस्वी. तुमच्या हाताला अखंड पान लाभणार नाही. यापुढे बेल आधी अळीचा, मग देवाचा!"

ते शेवटचे पान मुनीला मरेतो मिळाले नाही. आजही श्रावणात बेल खुडणारे दहा पाने उलटतात तेव्हा एक धड सापडते. आणि अळी दिसली की चिमटीत धरून फेकतात, कुणाची ते न विचारता.