चौदा नंबरची पोच

घाटमाथ्यावर कुसवडे नावाचं गाव होतं आणि त्या गावात भिवा नावाचा एक भोळा गृहस्थ होता. वय चाळीस. हात सोन्याचे, तारेला कथलाचा डाख असा द्यायचा की बघत राहावं. डोकं मात्र सांगितलं तेवढंच चालायचं, आणि तेही भलतीकडे.

गावात मोबाइलला रेंज नव्हती. कुणी आजारी पडलं तर तालुका नऊ मैल. मागल्या पावसात भिवाच्या आईलाच झोळीतून न्यावं लागलं होतं. म्हणून पोलिसांच्या वायरलेसमधून निवृत्त झालेले टिपणीसमास्तर हौशी रेडिओचं यंत्र करायला बसले. त्यावर बोलायचं नाही, टाइप करायचं. अक्षरं हवेतून जाऊन दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर उमटणार. डाख द्यायला भिवा.

मास्तर म्हणाले, "यंत्राला पहिली गोष्ट शिकवायची ती ऐकायची. कुणी बोलत असेल तर आपण गप्प. दोघं एकदम बोलले की दोन्ही निरोप फुकट."

दुसऱ्या दिवशी मास्तर शेजाऱ्याशी बोलत असताना डाख द्यायची तापलेली कांडी त्यांच्या धोतरावर पडली. धोतर गुडघ्यापर्यंत जळलं. भिवा बघत बसला.

"अरे, सांगायचं नाही का?"

"तुमी बोलत व्हता, मास्तर."

"अशा वेळी सांगायचं. यंत्रावर निरोप मिळाला की समोरचा बटण दाबतो आणि आपल्याकडे हिरवा दिवा लागतो, ती पोच. पोच आली नाही तर तेच पुन्हा पाठवायचं. पोच येईपर्यंत पाठवत राहायचं."

भिवाने हे पाठ केलं. दुपारी मास्तरांच्या बायकोने त्याला सखूबाईंकडे विरजण मागायला धाडलं. सखूबाई लेकीकडे गेलेल्या, दाराला कुलूप. भिवा कुलपाकडे विरजण मागत राहिला. दिवेलागणीला मास्तर शोधत आले तेव्हा त्याचा घसा बसला होता, तरी मागतच होता.

"अरे, जरा तपासून बघावं माणसानं," मास्तर म्हणाले. "यंत्रसुद्धा तपासतं. निरोपाच्या आत काय आहे ते त्याला बघायचं नसतं, पण धड आलाय का ते बघतं. एक अक्षर खराब आलं की सगळा निरोप टाकून देतं आणि नवा मागवतं."

त्याच आठवड्यात यंत्राच्या सुट्या भागांचं पार्सल आलं. दोनशे भागांत एक फुटका निघाला. भिवाने अख्खं पार्सल विहिरीत टाकलं आणि नवं मागवलं. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत.

तरी यंत्रं झाली. दोन झाली, आणि नामी झाली.

त्या वर्षी डोंगरावर धावण्याची शर्यत ठरली. तालुक्याचे साहेब स्वतः धावणार होते, नंबर चौदा. माथ्यावर रेडिओचा कायमचा खांब उभारायला त्यांचीच सही हवी होती, आणि मास्तर त्या सहीमागे अकरा वर्षं होते. यंत्र चाललं तर सही, नाहीतर गाव पुन्हा नऊ मैल झोळी वाहणार.

मास्तर खाली कचेरीच्या मंडळींसोबत बसले. भिवा माथ्यावर. काम एवढंच, की जो येईल त्याचा नंबर पाठवायचा.

पहिला आला चौदा नंबर. भिवाने नंबर पाठवला. खाली मास्तर मंडळींना यंत्राची महती सांगण्यात गुंगले होते, पोचेचं बटण दाबायचं राहून गेलं.

भिवा पाच मिनिटं थांबला. मग साहेबांच्या मागे धावला, दंडाला धरून त्यांना परत आणलं, नंबर पुन्हा पाठवला आणि साहेबांनाही पुन्हा धावायला पाठवलं.

"अरे, मी साहेब आहे."

"आत काय हाय ते मला बघायचं न्हाई. पोच आली न्हाई."

साहेब असे सात वेळा गेले. सातव्यांदा परत आणले ते लंगडत. भिवाने त्यांना वरपासून खालपर्यंत तपासलं. डावा पाय खराब. त्याने साहेबांना अलगद उचललं, शेजारच्या म्हशींच्या डबक्यात टाकलं आणि यंत्रावर लिहिलं, "चौदा नंबर साहेब खराब आले. टाकून दिले. नवे पाठवा."

खाली पडद्यावर हे उमटलं तेव्हा सगळी कचेरी वाचत होती. मास्तरांना घेरी आली आणि पडता पडता त्यांचा हात बटणावर पडला.

वर हिरवा दिवा लागला. भिवा आनंदाने डबक्याकडे धावला. साहेब छातीभर चिखलात बसले होते.

"साहेब, आता घोर नगं," भिवा म्हणाला. "पोच आली. तुमच्या जागी दुसरे निघाल्यात."