माळावरचे गवतझाड

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा होता. मनाने वाईट नव्हता, पण नावलौकिकाचा त्याला भारी हव्यास. एके दिवशी त्याने दवंडी पिटवली, "आजपासून रानातल्या प्रत्येक वनस्पतीला माझ्या पूर्वजांचे नाव." झाले! अडुळशाला अडुळसा म्हणायची चोरी झाली. वैद्याकडे काय मागावे ते लोकांना कळेना. तापाने फणफणलेली मुले अंथरुणात तळमळू लागली.

तेव्हा रानातली मायाविनी भ्रमरा दरबारात आली. म्हणाली, "राजा, ज्याला कुणीच नाव दिलेले नाही, असे काहीतरी तू हो." तत्क्षणी राजाच्या अंगाचे काळे खोड झाले, केसांचा गवताचा झुबका झाला. भ्रमराने ते नवलाचे झाड उजाड माळावर नेऊन रोवले.

राजाची थोरली बहीण इंदुलेखा भ्रमराच्या पाया पडली. "आई, उपाय सांगा."

"त्याला शोभेल अशा नावाने हाक मार. तीन हाका तुझ्या. तिसरी चुकली, तर तो कायमचा असाच."

इंदुलेखा माळावर गेली. "राजध्वजा!" तिने हाक मारली. पातेही हलले नाही. "काळखोडा!" तिने पुन्हा हाक मारली. झुबक्यातली चार पाती गळून पडली.

शेंड्यावरचा भारद्वाज पक्षी म्हणाला, "बाई, आधी ओळख होऊ दे."

मग ती तिथेच राहिली. रोज पाणी घाली, खोडाला टेकून बसे, लहानपणीच्या गोष्टी सांगे. उन्हाळ्यात माळावर वणवा पेटला. इंदुलेखा पळाली नाही. ओल्या पदराने ज्वाळा झोडपत राहिली, पण झुबका भडकलाच. उरले फक्त काळे खोड. त्याला मिठी मारून ती खूप रडली, तरी तिथून हलली नाही.

काही दिवसांनी खोडाच्या माथ्यावर हिरवी पाती फुटली. मधून भाल्यासारखा उंच दांडा वर आला आणि पांढऱ्या फुलांनी भरून गेला. मधमाश्या गुणगुणू लागल्या.

इंदुलेखा खोडावरून हात फिरवत म्हणाली, "गवतासारखा जळलास, झाडासारखा उभा राहिलास. दोन्ही तूच. गवतझाडा, ये."

खोड दुभंगले. आतून वीरकेतू बाहेर आला, आणि खोड पुन्हा जुळले. त्याने आधी बहिणीचे हात हाती घेतले.

"ताई, किती भाजलेत गं."

"बरे होतील. चल घरी."

राजाने दुसरी दवंडी पिटवली. ज्याचे नाव त्याला परत मिळाले, मुलांचे ताप उतरले. माळावर ते झाड उभेच राहिले. लोक त्याला गवतझाड म्हणू लागले, आणि राजाही तेच म्हणे.